चहाच्या डोंगरावर जायचंय? कल्याण ते कुन्नूर सफरीचं नियोजन

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुस्लिम घरांत डोंगर म्हटलं की पहिलं नाव निघतं मलंगगडाचं. लहानपणी अम्मी-अब्बांचा हात धरून आपण हाजी मलंगच्या पायऱ्या चढलो, आता आपली मुलं चढतात. त्यापलीकडे सुट्टी म्हणजे गावाकडचं लग्न, नाहीतर नातेवाइकांच्या घरी चार दिवस. ‘फिरायला जाणं’ हा पैसेवाल्यांचा शौक आहे, अशी समजूत आपल्यापैकी अनेकांच्या मनात पक्की बसलेली आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही तीन कुटुंबं, लहानमोठी मिळून अकरा माणसं, तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरावर, कुन्नूर या चहाच्या गावाला जाऊन आलो. परत आल्यापासून शाळेच्या गेटवर, जुम्याच्या नमाजनंतर, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न विचारला जातोय: कसे गेलात, किती खर्च आला, बायकांना घेऊन जाता येतं का, खाण्याचं काय? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकत्र लिहावं, असा मशवरा झाला. म्हणून हा लेख.

आधी एक कबुली

ही आमची पहिली नियत नव्हती. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या दोन कुटुंबांनी ओळखीतल्या एका माणसाकडे सहलीचा ॲडव्हान्स भरला होता. सहल झाली नाही आणि पैसेही पूर्ण परत आले नाहीत. खालांनी तेव्हाच जाहीर केलं, “अब कोई नाम मत लेना घूमने का.” म्हणजे यावेळी पैशांबरोबर घरच्या मोठ्यांचा भरवसाही पणाला लागला होता. म्हणून ठरवलं की मधे कुणी माणूस नको, तिकीट आपण काढायचं, खोली आपण ठरवायची, हिशोब वहीत लिहायचा.

पैशांसाठी भिशी लावली. प्रत्येक घराने महिन्याला अडीच हजार, बारा महिने. तीन घरांचे मिळून नव्वद हजार झाले, म्हणजे माणशी आठ हजारांच्या थोडं वर. त्यात रेल्वे, खोल्या, जेवण, वरचं फिरणं सगळं बसलं आणि चार हजार उरले. आपल्या बायका भिशी वर्षानुवर्षं चालवतात, त्यातून फ्रीज येतो, मुलीचे दागिने होतात. तीच भिशी सफरीसाठीही चालते, एवढाच त्यातला धडा.

उटी माहीत आहे, कुन्नूर कशाला?

निलगिरीत तीन मुख्य गावं आहेत: उटी, कुन्नूर आणि कोटागिरी. उटी सर्वांत उंच, समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर. कुन्नूर त्याच्या खाली, साधारण १८५० मीटरवर. आपलं माथेरान ८०० मीटरच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज येईल. मे महिन्यात उटीला फुलांचं प्रदर्शन भरतं आणि गर्दी उसळते. कुन्नूर तुलनेने शांत आहे, थंडी थोडी कमी आहे आणि चहाचे मळे अगदी गावाला लागून आहेत. वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर मुक्काम कुन्नूरला करावा आणि उटी एका दिवसात पाहून यावं.

इथे एक सावधगिरी. कुन्नूर आणि कन्नूर ही दोन वेगळी गावं आहेत. कन्नूर केरळात, समुद्रकिनाऱ्यावर आहे. तिकीट काढताना घाईत चूक झाली तर चहाच्या डोंगराऐवजी अरबी समुद्रावर पोहोचाल! तसंच रेल्वेच्या यादीत उटीचं नाव ‘उदगमंडलम’ असं आहे, तेच शोधावं.

कधी जायचं

दिवाळीच्या सुट्टीचा मोह होतो, पण तो टाळावा. आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. कुन्नूरच्या बाजूला तो जोरात पडतो, दरडी कोसळतात आणि डोंगरावरची रेल्वे अनेकदा बंद ठेवावी लागते. जुलैतही जाऊ नये, कारण तेव्हा आपलाच मार्ग बेभरवशाचा असतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही.

राहिला मे महिना. निकालाचं काम संपलं की शिक्षकही मोकळे आणि मुलंही. फक्त सध्या बकरी ईद मे-जूनच्या सुमारास येते, तेव्हा कॅलेंडर पाहून ईदच्या किमान आठवडाभर आधी घरी परत येता येईल असं ठरवावं. कुर्बानीची तयारी आणि सफर एकत्र आले तर दोन्हींची मजा जाते.

रेल्वे: आपल्या दारावरून जाणारी गाडी

लोकमान्य टिळक टर्मिनसहून कोईमतूरला जाणारी एक्सप्रेस कल्याणला थांबते आणि मग विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही आपली सगळी स्टेशनं न थांबता मागे टाकत कर्जतकडे जाते. मुलांना याचीच जास्त गंमत वाटली. ज्या प्लॅटफॉर्मवर रोज लोकलसाठी धक्के खातो, तो खिडकीतून सपकन निघून गेला. प्रवास दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस. पुणे, सोलापूर, बंगळूर, सेलम करत गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी कोईमतूरला पोहोचते. परतीची गाडी कोईमतूरहून सकाळीच सुटते, म्हणून शेवटची रात्र डोंगरावर न काढता कोईमतूरला काढावी. वेळा बदलत असतात, निघण्याआधी तपासून घ्याव्यात.

तिकिटाबाबत चार गोष्टी लक्षात ठेवा:

- आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी मोबाइल हातात घेऊन बसावं लागेल.
- आयआरसीटीसीचं खातं आधीच आधारशी जोडून ठेवा.
- नाव आधारवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मो. आणि तिसऱ्यावर मुहम्मद असतं. आमच्यातल्या दोघांची आधार दुरुस्ती या निमित्ताने झाली, ती पुढेही कामाला येईल.
- साठीपुढचे पुरुष आणि ४५ वर्षांपुढच्या महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. अकरा जणांच्या गर्दीत त्यांचं नाव घालण्यापेक्षा दोन ज्येष्ठांचं वेगळं तिकीट काढलं तर खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते.

डोंगर चढण्याच्या तीन रीती

बरोबर शाळेची मुलं असतील तर हा प्रवासच एक धडा आहे. आपल्या कल्याण-कर्जत मार्गावरून कुन्नूरपर्यंत जाताना रेल्वे डोंगर कसा चढते, याच्या तीन रीती समजावून सांगता येतात.

पहिली कर्जतला. तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात आणि ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. बोर घाटातला सर्वांत कठीण चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. दुसरी रीत नेरळची. तिथे रूळच अरुंद, दोन फुटांचे, आणि डोंगराला वळसे घालत हळूहळू माथेरानला चढणारे. १९०४ ते १९०७ या काळात ही रेल्वे बांधली ती अब्दुल हुसैन आदमजी पीरभॉय यांनी, आणि पैसा लावला त्यांच्या वडिलांनी, मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी. आपल्या घरापासून चार स्टेशनांवरची ही गोष्ट आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांना माहीत नव्हती.

तिसरी रीत निलगिरीची. मेट्टुपालयमहून निघणारी ही गाडी १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचली. लांबी ४६ किलोमीटर. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत चढ इतका उभा आहे की १२ फुटांना एक फूट. तिथे साधं चाक घसरेल. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर चढतं. सायकलची चेन आणि चक्र आठवा, तोच प्रकार. २००५ मध्ये युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मेट्टुपालयमची तिकिटं मात्र उघडल्या उघडल्या संपतात. आम्हाला अकरा जणांसाठी मिळाली नाहीत. मुलं हिरमुसली. मग बसने कुन्नूरला चढलो आणि कुन्नूर ते उटी हा १९ किलोमीटरचा टप्पा रेल्वेने केला. तिथे दिवसातून जास्त गाड्या असतात आणि तिकीट मिळणं सोपं जातं. दातेरी चाकाचं इंजिन मुलांना कुन्नूर स्टेशनातच जवळून पाहायला मिळालं. बसचा रस्ता वळणांचा आहे, पोट हलकं ठेवून बसा.

ई-पास, गाडी आणि पाण्याची बाटली

गर्दी आवरण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून निलगिरीत शिरणाऱ्या बाहेरच्या वाहनांना ई-पास लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तर दिवसाला ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची मर्यादा घातली गेली. सरकारी बस आणि रेल्वेने जाणाऱ्याला याची झळ नाही. वर फिरायला गाडी हवी तर तिथलीच, ‘टीएन ४३’ नंबरची करा. ती निलगिरी जिल्ह्याची असल्याने तिला पास लागत नाही. कोईमतूरहून भाड्याची गाडी केली तर पास काढलाय का, हे चालकाला निघण्याआधीच विचारा.

दुसरा नियम प्लास्टिकचा. निलगिरीत पाच लिटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना बंदी आहे. नाक्यावर तपासतात, दंडही होतो. स्टीलच्या बाटल्या न्या, जागोजागी पाण्याची यंत्रं बसवलेली आहेत. रानगवे गावात, रस्त्यावर येतात. मुलांना फोटोसाठी जवळ जाऊ देऊ नका.

नमाज, जेवण, थंडी

बायकांची आणि बुजुर्गांची खरी काळजी हीच असते, म्हणून सविस्तर सांगतो.

कुन्नूर आणि उटी दोन्हीकडे मशिदी आहेत. तमिळमध्ये मशिदीला ‘पळ्ळिवासल’ म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवला की रस्ता विचारता येतो. ‘हलाल’ तिकडेही हलालच. बाजारात मुस्लिम खानावळी सापडतात आणि काही दुकानदार दख्खनी उर्दू बोलतात, ते ऐकून खालांना घरच्यासारखं वाटलं. मांसाबद्दल शंका असेल तेव्हा इडली-डोसा आहेच. गाडीतल्या पहिल्या दिवसासाठी घरून चपात्या, सुकं मटण, उकडलेली अंडी नेली होती.

सफरीत चार रकातींची फर्ज नमाज दोन होते, म्हणजे जोहर, असर आणि इशा. फजर आणि मगरिब तशीच. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर हनफी मसलकाप्रमाणे ही सवलत तिथेही राहते. बाकी तपशील आपल्या इमामसाहेबांना निघण्याआधी विचारून घ्यावा. फजरच्या वजूला पाणी बर्फासारखं असतं. खोली ठरवताना सकाळी गरम पाणी मिळेल ना, हे आधी विचारा. तमिळमध्ये गरम पाण्याला ‘सुडु तण्णी’. मे महिना असला तरी स्वेटर, कानटोपी आणि मोजे न्यावेत.

कपातला चहा येतो कुठून

इतक्या लांब जाऊन फक्त हिरव्या मळ्यांपुढे फोटो काढून परतलो असतो तर सफर अर्धीच झाली असती. आपण दिवसात चार कप चहा पितो, पण पत्ती कशी तयार होते ते आपल्याला माहीत नसतं. कुन्नूर-उटी भागात चहाचे काही कारखाने पाहता येतात, मुलांना तिथे जरूर न्या.

झाडावरची दोन कोवळी पानं आणि एक कळी खुडतात. तेच झुडूप आठ-दहा दिवसांनी पुन्हा खुडायला येतं. कारखान्यात पानं आधी हवेवर कोमेजवतात, मग पिळतात किंवा चुरतात. हवा लागून हिरवं पान तांबूस होतं, मग ते गरम हवेत सुकवतात. आपल्या टपरीवरची दाणेदार पत्ती यंत्रात चुरून, फाडून, वळवून केलेली असते, तिलाच सीटीसी म्हणतात. लांब पानांचा सुवासिक चहा वेगळ्या, जुन्या रीतीने होतो. एक किलो पत्तीसाठी सव्वाचार-साडेचार किलो हिरवं पान लागतं. मुलांनी तिथेच तोंडी हिशोब केला: घरातल्या पावशेर पुड्यासाठी किलोभराहून जास्त पान, आणि ते सगळं कुणाच्या तरी बोटांनी खुडलेलं.

ती बोटं बहुतेक बायकांची. पाठीवर ओझं, पायाखाली उतार, वर पाऊस किंवा ऊन. त्यांच्याकडे मोबाइल रोखणारे पर्यटक आम्ही पाहिले. आपल्या घरातल्या बाईचा फोटो कुणी न विचारता काढला तर आपल्याला कसं वाटेल? आम्ही मुलांना सांगितलं, आधी सलाम-नमस्कार, मग परवानगी, नाही म्हटलं तर फोन खिशात.

डोंगरावरचा कॅम्प

मळ्याजवळच्या एका टपरीवर अशीच एक बाई भेटली, खालांच्या वयाची. दुकानदाराने दुभाष्याचं काम केलं. ती म्हणाली, तिचे आई-वडील लंकेहून आले, गावात लोक अजून त्यांना सिलोनवाले म्हणतात.

मागची गोष्ट अशी. इंग्रजांनी तमिळ मजुरांना श्रीलंकेच्या डोंगराळ भागात कॉफीच्या आणि पुढे चहाच्या मळ्यांवर नेलं. त्यांच्या पिढ्या तिथेच राबल्या. १९४८ मध्ये स्वतंत्र झालेल्या सिलोनने नागरिकत्वाचा कायदा केला आणि त्यातले लाखो लोक कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला: ५ लाख २५ हजार लोक भारताने घ्यायचे, ३ लाख सिलोनने. माणसांची अशी आकड्यांत वाटणी झाली. परत आलेल्यांना रोजगार मिळावा म्हणून तमिळनाडू सरकारने १९६८ पासून निलगिरीत चहाचे मळे लावले, तीच आज ‘टॅनटी’ नावाने ओळखली जाणारी सरकारी चहा कंपनी.

दुकानदार हे सांगत असताना खाला हळूच म्हणाल्या, “अपना उल्हासनगर भी तो ऐसेच बसा ना.”

खरंच की. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी उल्हासनगर वसाहतीची पायाभरणी केली. सेलमला वकिली केलेला हा तमिळ माणूस. आपण आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतो. फाळणीचं नाव निघालं की आपल्या समाजाला अजूनही संशयाच्या नजरा झेलाव्या लागतात, आणि समोरच्या सिंधी घरात त्याच फाळणीची वेगळी जखम असते. त्यावर आपण शेजारी म्हणून कधी बोललेलो नाही. हजार मैलांवरच्या डोंगरावर एका अनोळखी बाईच्या दोन वाक्यांनी तो विषय काढला.

परतताना आम्ही टॅनटीच्या दुकानातून पत्तीचे पुडे घेतले. एक कॅम्प चारमधल्या आमच्या नेहमीच्या सिंधी दुकानदार काकांसाठी. पुडा देऊन ही सगळी हकीकत सांगितली, तर काकांनी गिऱ्हाईक थांबवून स्टूल पुढे केलं आणि आपल्या वडिलांना मिळालेल्या बराकीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. इतकी वर्षं त्यांच्याकडून साखर-पत्ती घेतोय, पण ही गोष्ट आम्ही पहिल्यांदाच ऐकली.

अल्लाहने जमिनीवर फिरून पाहायला सांगितलं आहे. ते फक्त पैसेवाल्यांना सांगितलेलं नाही. नियत करा, दोन-तीन घरं मिळून भिशी लावा, वही ठेवा, घरातल्या बायकांना आणि बुजुर्गांना आधी विचारा. आमच्या खालांनी आता पुढच्या भिशीचा पहिला हप्ता स्वतःच काढून ठेवलाय. कुठे जायचं ते ठरलेलं नाही. ठरेल, इन्शाअल्लाह.